चोवीस वर्षांचे दोघे

विल्यम कॅली आणि ह्यू थॉम्पसन यांच्या वयात दोन महिन्यांचंसुद्धा अंतर नव्हतं. थॉम्पसन १५ एप्रिल १९४३ला अटलांटात जन्मला, कॅली ८ जूनला मायामीत. कॅलीनं ज्युनिअर कॉलेज अर्धवट सोडलं, हॉटेलात भांडी घासली, गिऱ्हाइकांच्या बॅगा उचलल्या, रेल्वेत नोकरी केली आणि १९६६ साली तो सैन्यात भरती झाला. थॉम्पसन आधी नौदलात होता. तिथून सुटून घरी आला, अंत्यसंस्काराची व्यवस्था बघण्याचा परवाना मिळवून काही काळ तेच काम केलं आणि १९६६ मध्येच पुन्हा वर्दी चढवली, या खेपेला हेलिकॉप्टर चालवण्यासाठी. दोघेही १९६७च्या डिसेंबरात व्हिएतनामला पोचले.

१६ मार्च १९६८च्या सकाळी हे दोघे एका चरापाशी समोरासमोर आले. क्वांग न्गाई प्रांतातलं सोन मी हे गाव. त्यातल्या एका वाडीला अमेरिकी लष्कराच्या नकाशावर ‘माय लाय ४’ असं नाव होतं. चरात माणसं पडली होती. बरीचशी मेलेली, काही अजून हलत होती. थॉम्पसननं विचारलं, हे काय चाललंय? कॅलीनं सुनावलं की इथला हुकूम माझा आहे, तू तुझं हेलिकॉप्टर सांभाळ. हुद्द्यानं कॅली वरचा होता. तो लेफ्टनंट, थॉम्पसन वॉरंट ऑफिसर.

दोघेही तेव्हा चोवीस वर्षांचे. युद्धानं माणूस बदलतो असं आपण सहज बोलून जातो. मग त्याच युद्धानं, त्याच तीन महिन्यांत, एकाच वयाच्या दोघांना अशा दोन टोकांना कसं नेलं? कॅली मुळातच राक्षस होता आणि थॉम्पसन मुळातच देवमाणूस, असं म्हटलं की प्रश्न मिटतो. पण कॅलीच्या भोवती जी शंभरेक पोरं होती त्यांचं काय करायचं? एवढे राक्षस एकाच कंपनीच्या वाट्याला येत नाहीत.

ही ‘चार्ली कंपनी’ हवाई बेटांवर तयार झाली. अकराव्या ब्रिगेडमधली ही तुकडी चांगली मानली जायची. इंडियानातल्या शेतावरून, मिसिसिपीतून, ओरेगनमधून आलेली विशीच्या आसपासची पोरं. कॅप्टन अर्नेस्ट मेदिना कडक, पण शिपायापासून वर चढलेला असल्यानं पोरांना आपला वाटणारा. बापांनी जिंकलेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या गोष्टी ऐकत ही पिढी वाढली होती. आपण जाऊ तिथले लोक आपल्याला सोडवणारे म्हणून बघतील, एवढा भाबडेपणा त्यांच्यात होता. खिशात एक छापील कार्डही दिलेलं असे, त्यात नऊ नियम: आपण इथे पाहुणे आहोत, बायकांशी आदरानं वागा, सामान्य लोकांशी मैत्री करा. पहिल्या काही आठवड्यांत गावातली मुलं या सैनिकांभोवती गोळा व्हायची आणि त्यांना चॉकलेटं मिळायची.

मग सुरुंग सुरू झाले.

चार्ली कंपनीची कथा इथे रणांगणाच्या नेहमीच्या चित्रापासून वेगळी होते. मार्चच्या मध्यापर्यंत कंपनीचे २८ जण मेले किंवा जखमी झाले, पण शत्रूशी समोरासमोर गाठ एकदाही पडली नव्हती. सुरुंग, लपवलेले सापळे, कुठून तरी आलेली एखादी गोळी. ३० जानेवारीपासून शत्रूनं केलेल्या टेट हल्ल्यांनी सगळा देश हादरला होता. २५ फेब्रुवारीला ही कंपनी चालता चालता सुरुंग पेरलेल्या पट्ट्यात शिरली. एक जण उडाला की त्याला उचलायला धावलेला दुसरा उडायचा. ज्याच्यावर गोळी झाडावी असं कुणी नजरेच्या टप्प्यात नव्हतं. नजरेला पडायचे ते गावकरी: भाताची रोपं लावणाऱ्या बायका, म्हशी हाकणारी पोरं. संशयाचा तर्क सरळ होता. सुरुंग कुठे आहेत हे यांना ठाऊक असणार, नाहीतर यांची म्हैस कशी उडत नाही?

तर्क खोटाच होता असंही नाही. काहींना ठाऊक असणारच. गडबड पुढे झाली. काहींना ठाऊक आहे, म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून सगळे शत्रू. लहान मुलंसुद्धा. ही उडी पोरांनी एका दिवसात मारली नाही. आधी पकडलेल्या माणसाला थोबाडीत बसली. मग मारहाण नेहमीची झाली. मग बायकांवर हात टाकणं. प्रत्येक वेळी पोरांनी वर बघितलं असेल, कॅप्टन काय म्हणतो, सार्जंट काय म्हणतो, आणि वरून काही आलं नाही. माझ्या मते माय लायमधली सगळ्यात महत्त्वाची घटना हीच: जे घडलं त्याहून, जी शिक्षा झाली नाही ती.

१४ मार्चला, म्हणजे हत्याकांडाच्या दोन दिवस आधी, ओरेगनहून आलेल्या, धर्मनिष्ठ घरात वाढलेल्या एका सैनिकानं वडिलांना पत्र लिहिलं. ते पुढे प्रसिद्ध झालं. त्याच दिवशी त्यांचा एक लाडका सार्जंट सापळ्यात मेला होता. परतीच्या वाटेवर पोरांनी दिसेल त्या लहान मुलाला बडवलं आणि शेतात काम करणाऱ्या एका बाईला गोळ्या घातल्या. पत्रात त्यानं लिहिलं की हे करणारे साधे, नेहमीचे लोक होते, काही तर माझे मित्र. थोडा वेळ ते जनावरांसारखे झाले. याला त्यानं खून म्हटलं. मी काहीच केलं नाही याची लाज वाटते, असंही लिहिलं. असं होण्याची ही पहिली वेळ नव्हती, हेही त्यानं वडिलांपासून लपवलं नाही. चांगल्या संस्कारांचं काय होतं ते या एका पत्रात दिसतं. ते नाहीसे होत नाहीत. काय चूक आहे हे त्याला लख्ख कळत होतं. फक्त कळण्यापासून हात पुढे करण्यापर्यंतचं अंतर तीन महिन्यांत खूप वाढलं होतं.

आपल्याकडचं एक जुनं उदाहरण इथे आठवतं. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र बहुतेकांना ‘रयतेला त्रास देऊ नका’ एवढ्यापुरतं ठाऊक असतं. ते नीट वाचलं तर त्यात उपदेश थोडा आणि हिशोब फार आहे. दाणा-वैरण आत्ताच उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही रयतेकडून ओरबाडायला लागाल, मग रयत म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. सैनिक चांगले वागतील ही अपेक्षा त्यांच्या स्वभावावर टाकून तो राजा मोकळा झाला नाही. उपाशी सैनिक काय करतो हे गृहीत धरून त्यानं आधी कोठाराचा बंदोबस्त केला. व्हिएतनाममध्ये वरच्यांनी खिशात कार्ड दिलं आणि मोजायला मुडदे दिले. व्हिएतनाममधल्या अमेरिकी फौजांचे प्रमुख जनरल वेस्टमोरलंड यांच्या डावपेचात जिंकलेल्या जमिनीला फारसा अर्थ नव्हता. यश ठरायचं ते शत्रूची किती माणसं मारली यावर. तो आकडा पलटणीकडून बटालियनकडे, तिथून सायगावकडे चढत जायचा. ज्या पोराला आकडा द्यायचाय, त्याच्या खिशातलं कार्ड टिकणार कसं?

१५ मार्चच्या संध्याकाळी मेलेल्या सार्जंटसाठी प्रार्थना झाली आणि लगेच दुसऱ्या दिवशीचा बेत सांगितला गेला. व्हिएतकाँगची ४८वी बटालियन त्या गावात आहे, सकाळी सातपर्यंत साधे लोक बाजाराला गेलेले असतील, राहतील ते शत्रू, अशी माहिती होती. मेदिना त्या संध्याकाळी नेमकं काय म्हणाला यावर पुढे कोर्टात साक्षी झडल्या. बायकामुलांनाही मारायचं असं आम्ही ऐकलं, असं काहींनी शपथेवर सांगितलं. मेदिनानं ते नाकारलं आणि १९७१ साली तो निर्दोष सुटला. अंत्यसंस्काराची प्रार्थना आणि हल्ल्याचा हुकूम एकाच बैठकीत उरकल्यावर पोरांनी काय ऐकलं असेल, याचा अंदाज करायला कोर्टाची गरज नाही.

साडेसातच्या सुमारास हेलिकॉप्टरं उतरली. समोरून एकही गोळी आली नाही. बटालियन तिथे नव्हती. घराघरांत सकाळचं खाणं चाललं होतं. पुढच्या चार तासांत अमेरिकी लष्कराच्या अंदाजानं ३४७ आणि गावातल्या स्मारकावरच्या नोंदीनुसार ५०४ माणसं मारली गेली. म्हातारे, बायका, तान्ही मुलं. बलात्कार झाले, घरं जाळली, विहिरी नासवल्या. कंपनीचा एकच जण जखमी झाला, स्वतःच्याच बंदुकीची गोळी पायात लागून. मध्ये जेवणाची सुट्टीसुद्धा झाली.

थॉम्पसन त्या वेळी वरून घिरट्या घालत होता. टेहळणीचं छोटं हेलिकॉप्टर, सोबत दोघं: अठरा वर्षांचा लॅरी कोलबर्न आणि वीस वर्षांचा ग्लेन अँड्रिओटा. जखमी बायका दिसल्या की मदत यावी म्हणून त्यांच्याशेजारी हिरव्या धुराची खूण टाकायची. परत येऊन बघावं तर त्या मेलेल्या. एका जखमी बाईजवळ कॅप्टन आला, त्यानं तिला पायानं ढोसलं, मागे सरकला आणि गोळी घातली. हे तिघांनी डोळ्यांनी पाहिलं.

पुढे अनेक वर्षांनी थॉम्पसन जे सांगायचा त्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्याचं धाडस नव्हे. मोलाचं वाटतं ते त्याच्या मनानं काढलेल्या पळवाटांचं प्रांजळ वर्णन. चर प्रेतांनी भरलेला दिसल्यावर त्यानं आधी स्वतःला सांगितलं, तोफगोळ्यांनी मेले असतील. मग वाटलं, गोळे पडताना लोक घर सोडून चराकडे कसे धावतील? मग, आपल्या लोकांनी पुरण्यासाठी इथे आणून टाकले असतील. पण त्यात जिवंत माणसंही होती. आपण चांगल्या बाजूचे आहोत हा विश्वास वाचवण्यासाठी मन एकेक कारण पुढे करत होतं आणि खाली दिसणारं दृश्य ते खोडत होतं. शेवटी त्याला नाझी आठवले, माणसांना चराच्या काठावर रांगेत उभं करणारे. त्यांच्याविरुद्ध तर आपण लढलो होतो. आदर्श मोडतो म्हणजे हेच बहुधा. कॅलीच्या माणसांचा आदर्श थोडा थोडा झिजला, त्यांना आवाजही आला नाही. थॉम्पसनचा एका सकाळी, सगळी कारणं संपल्यावर, एकदम फुटला.

एका बंकरकडे धावणारे गावकरी आणि त्यांच्या मागचे अमेरिकी सैनिक यांच्या मधोमध त्यानं हेलिकॉप्टर उतरवलं. कोलबर्न आणि अँड्रिओटाला बजावलं: मी या लोकांना बाहेर काढतोय, आपल्या सैनिकांनी त्यांच्यावर किंवा माझ्यावर गोळी चालवली तर तुम्ही त्यांच्यावर चालवा. तिथल्या लेफ्टनंटला त्यानं विचारलं होतं की यांना बाहेर काढायला मदत कराल का. काढू की हातबॉम्ब टाकून, अशा अर्थाचं उत्तर आलं. मग थॉम्पसन स्वतः पुढे गेला, बंकरमधल्या बायकामुलांना हातानं खुणावून बाहेर बोलावलं आणि ओळखीच्या वैमानिकाचं मोठं हेलिकॉप्टर उतरवून दहाबारा जणांना दोन फेऱ्यांत हलवलं. नंतर अँड्रिओटा त्या चरात उतरला. प्रेतांतून चालत जाऊन त्यानं रक्तानं माखलेलं एक मूल जिवंत वर आणलं. थॉम्पसनच्या घरी साधारण तेवढ्याच वयाचा मुलगा होता. त्यानं मुलाला क्वांग न्गाईच्या दवाखान्यात पोचवलं, तळावर जाऊन वरिष्ठांपुढे आरडाओरडा केला आणि गोळीबार थांबवण्याचा हुकूम निघाला.

तो उंचावर होता, त्याला सगळं चित्र दिसत होतं, त्या कंपनीचे मेलेले मित्र त्याचे मित्र नव्हते, म्हणून त्याला जमलं, असं म्हणता येईल, आणि त्यात तथ्य आहे. पण जमिनीवरही काही पोरांनी नकार दिला. मायकेल बर्नहार्टनं बंदुकीची नळी खालीच ठेवली. कॅलीनं हुकूम दिला तेव्हा मशीनगनवाल्या रॉबर्ट मेपल्सनं तो पाळला नाही, हॅरी स्टॅन्लीनंही नाही. तेही तेच तीन महिने जगले होते, त्यांचेही मित्र त्याच सुरुंगांत गेले होते. म्हणजे त्या महिन्यांनी सगळ्यांना सारखं घडवलं नव्हतं. मात्र या नकारांनी कुणाचा जीव वाचला नाही. ज्यानं नकार दिला तो बाजूला झाला आणि त्याच्या जागी दुसऱ्यानं चाप ओढला. स्वतःचे हात स्वच्छ ठेवणं आणि दुसऱ्याचा हात धरणं यांत केवढं अंतर असतं, ते या पोरांना त्या दिवसानंतर जन्मभर पुरलं.

अधिकृत अहवालात व्हिएतकाँगचे १२८ जण ठार आणि हस्तगत शस्त्रं तीन, अशी नोंद झाली. एकशे अठ्ठावीस सैनिकांजवळ मिळून तीन बंदुका! शाळकरी पोरालाही खटकावं असं हे गणित कुणाला खटकलं नाही. वेस्टमोरलंड यांच्याकडून अभिनंदनाचा निरोप आला. थॉम्पसनला पदक मिळालं, मानपत्रात लिहिलं होतं की जोरदार गोळीबारात दोन्ही बाजूंच्या मध्ये सापडलेल्या मुलाला त्यानं वाचवलं. त्यानं ते पदक फेकून दिलं. अँड्रिओटा तीन आठवड्यांनी लढाईत मारला गेला. थॉम्पसन उडत राहिला, अनेकदा पाडला गेला आणि शेवटच्या अपघातात त्याचा पाठीचा कणा मोडला.

वर्षभर हे प्रकरण गाडलेलं राहिलं. त्या दिवशी तिथे नसलेल्या, पण मित्रांच्या तोंडून सगळं ऐकलेल्या रॉन रायडनआवर या सैनिकानं मार्च १९६९ मध्ये खासदारांना आणि अधिकाऱ्यांना पत्रं धाडली. नोव्हेंबरात पत्रकार सेमूर हर्श यांची बातमी आली, पाठोपाठ लष्करी छायाचित्रकार रोनाल्ड हेबर्लीनं स्वतःच्या कॅमेऱ्यानं काढलेले रंगीत फोटो छापले गेले. जनरल विल्यम पीअर्स यांनी चौकशी केली. डिव्हिजनचे प्रमुख सॅम्युएल कोस्टर तोवर वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचे मुख्य झाले होते. आरोप आले आणि त्यांना ते पद सोडावं लागलं. सव्वीस जणांवर आरोप ठेवले गेले. दोषी ठरला एकटा कॅली, २९ मार्च १९७१ला, २२ खुनांसाठी. जन्मठेप झाली आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या हुकुमानं ती नजरकैदेत बदलली. साडेतीन वर्षांत तो मोकळा झाला.

लोक कुणाच्या बाजूनं उभे राहिले? गॅलपच्या पाहणीत ७९ टक्क्यांना हा निकाल चुकीचा वाटला. कॅलीवर गाणं निघालं आणि त्याच्या दहा लाखांवर तबकड्या खपल्या. दुसरीकडे संसदेच्या लष्करविषयक समितीचे अध्यक्ष मेंडेल रिव्हर्स यांना शिक्षेस पात्र वाटला तो थॉम्पसन, कारण त्यानं आपल्याच सैनिकांवर बंदुका रोखल्या. त्याला धमक्यांचे फोन यायचे, दारात मेलेली जनावरं टाकलेली सापडायची. दारू, मोडलेले संसार, रात्रीची दुःस्वप्नं, हे त्याच्याही वाट्याला आलं. ज्यानं माणुसकी राखली, तो सुखरूप घरी आला असं घडलं नाही.

आणि ज्यांनी राखली नाही ते? पॉल मेडलो या इंडियानाच्या पोरानं कॅलीच्या शेजारी उभं राहून, रडत रडत गोळ्या झाडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सुरुंगानं त्याचं पाऊल गेलं. देवानं मला शिक्षा दिली, तुलाही देईल, असं तो कॅलीला ओरडून म्हणाला. नोव्हेंबर १९६९ मध्ये टीव्हीवर त्यानं तान्ह्या बाळांनाही मारल्याचं कबूल केलं. मी त्यांच्याकडे चांगला मुलगा पाठवला होता आणि त्यांनी त्याला खुनी करून परत दिला, असं त्याची आई हर्श यांना म्हणाली. मिसिसिपीच्या व्हर्नाडो सिम्प्सननं आपण पंचवीसेक जणांना मारल्याचं सांगितलं. पुढे त्याचा स्वतःचा लहान मुलगा रस्त्यावरच्या भलत्याच गोळीनं मेला, तेव्हा त्या मुलाच्या चेहऱ्यात त्याला माय लायमधलं मूल दिसलं. खिडक्या बंद करून, औषधांच्या बाटल्यांमध्ये तो दिवस काढत राहिला आणि १९९७ मध्ये त्यानं आत्महत्या केली.

बोस्टनच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात अशांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९४ मध्ये ‘अकिलीज इन व्हिएतनाम’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा असा की भीतीनं झालेली जखम वेगळी आणि नीती मोडल्यानं झालेली जखम वेगळी. जीव टांगणीला लागलेला असताना, ज्याच्यावर विश्वास ठेवायचा तोच अधिकारी योग्य-अयोग्याची रेघ पुसतो, तेव्हा ही दुसरी जखम होते. शे यांना होमरचा अकिलीज सापडला. आपल्याला लांब जायला नको, आपल्याकडे अश्वत्थामा आहे. झोपलेल्यांची कत्तल करण्याआधी त्याच्या बाबतीत काय घडलं होतं? ज्याच्या शब्दावर शत्रूसुद्धा विश्वास ठेवत, त्या धर्मराजानं अर्धसत्य उच्चारलं आणि बाप मारला गेला. रेघ आधी वर पुसली गेली. त्या रात्री कृपाचार्यांनी त्याला समजावलं, हे अधर्माचं आहे म्हणून सांगितलं, आणि मग तेच त्याच्यासोबत गेले. आत अश्वत्थामा कापत होता आणि बाहेर दाराशी कृपाचार्य आणि कृतवर्मा पळणाऱ्यांना टिपत होते. व्यासांनी हे तपशीलवार सांगून ठेवलंय, पण भळभळत्या जखमेवर तेल मागत नर्मदाकाठी हिंडतो तो एकटा अश्वत्थामा. कृपाचार्य पुढे परीक्षिताचे गुरू झाले. जखम कपाळावर घेऊन हिंडायला एकच जण लावायचा आणि दाराशी उभ्या असलेल्यांना सन्मानानं पुढच्या पिढीचं शिक्षण सोपवायचं, ही व्यवस्था जुनीच म्हणायची.

कॅली २०२४ मध्ये वारला. २००९ साली जॉर्जियातल्या एका छोट्या सभेत त्यानं पहिल्यांदा जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. एकही दिवस असा जात नाही की मला वाईट वाटत नाही, असं तो म्हणाला. मग हुकूम का पाळलास असं विचारल्यावर, मूर्खपणानं पाळला, एवढंच. चाळीस वर्षांनीही वाक्यात हुकूम होताच.

थॉम्पसन, कोलबर्न आणि मृत अँड्रिओटा यांना ‘सोल्जर्स मेडल’ मिळालं ते ६ मार्च १९९८ला, तीस वर्षांनी. लष्कराला ते गुपचूप उरकायचं होतं. थॉम्पसननं अट घातली: वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकापाशी, सगळ्यांसमोर, आणि माझ्या दोन्ही सोबत्यांसह. त्याच महिन्यात तो आणि कोलबर्न माय लायला जाऊन आले. २००३ मध्ये ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत, उद्या अधिकारी होणाऱ्या विशीतल्या मुलामुलींसमोर त्यानं त्या भेटीची हकिगत सांगितली. गावातल्या एका वाचलेल्या बाईनं त्याला विचारलं होतं, ज्यांनी हे केलं ते लोक तुमच्याबरोबर का नाही आले? त्याला वाटलं, आता ती म्हणेल की आले असते तर सूड उगवला असता. ती म्हणाली, आले असते तर आम्हाला त्यांना माफ करता आलं असतं. एवढं मोठं मन माझ्याकडे नाही, थॉम्पसननं त्या मुलांना सांगितलं. मी त्यांना माफ केलेलं नाही.